शून्य चालनेचे दिवस

नणंद ही कायद्याच्या लेखी परकी बाई असते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आईला, बहिणीला, नवऱ्याला किडनी द्यायची तर कागदपत्रं सोपी. नणंदेला द्यायची तर समितीपुढे जावं लागतं. पाच माणसं समोर बसतात आणि विचारतात, बाई, हे तुम्ही तुमच्या मनानं करताय ना? सासरचा दबाव नाही ना? बहुतेक जण "माझ्या मनानं" म्हणतात, सही करतात आणि मोकळे होतात. माझी अडचण निराळी होती. माझं मन सुरू व्हायला यंत्र लागत होतं.

साडेतीन वर्षांपूर्वी कऱ्हाडात कोल्हापूर नाक्यावर माझी दुचाकी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हात-पाय शाबूत राहिले, वाचा राहिली, आठवणही राहिली. गेली ती फक्त सुरुवात.

समोर पाण्याचा पेला आहे, घसा कोरडा पडलाय, हात उचलला की झालं. हे सगळं मला कळायचं, पण हात उचलला जायचा नाही. लकवा म्हणावा तर कुणी कोपराला धरून "उचल" म्हटलं की तोच हात सरळ उचलला जाई. लोकांना वाटायचं, हिला काही समजत नाही. मला सगळं समजत होतं. माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल कोण काय बोललं, तेही.

मला हे नीट समजावून सांगितलं ते चित्राताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं. साताऱ्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही, देव मानला नाही, जिभेला धार अशी की मुख्याध्यापकसुद्धा दबकून असत. माझ्या खुर्चीशेजारी बसून, मी उत्तर देणार नाही हे माहीत असून, त्या मला तास घेतल्यासारख्या शिकवायच्या. माझ्या उपासतापासांवरून त्या मला सोवळेबाई म्हणत.

"हे बघ सोवळेबाई. माणूस साधं बोट हलवतो ना, तर त्याच्या अर्धा-पाऊण सेकंद आधी मेंदूत विजेची एक लाट चढायला लागते. 'मी आता बोट हलवणार' असं त्याला वाटतं ते त्यानंतर. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धांमधल्या भेगेत एक पट्टी आहे, तिथं ही लाट वर येते. म्हणजे आधी कोण ठरवतं, माणूस की लाट? गेली साठ-सत्तर वर्षं शहाणी माणसं यावर भांडतायत. तुझी पट्टी फुटलीय. लाट उठते, पण काठाला यायच्या आधीच बसते. कळलं? कळलं असेल. मान हलवू नकोस, हलवता येत नाही तुला."

मग मला 'आरंभक' बसवला. डोक्यावर टाळूच्या कातडीखाली रुपयाच्या नाण्याएवढी चकती आणि तिच्यापासून आत गेलेल्या केसासारख्या तारा. तारा त्या अर्ध्या वाटेत बसणाऱ्या लाटा ऐकतात. ही लाट हात उचलायची, ही बोलायची, हे चकतीला ओळखता आलं की ती विजेचा अगदी बारीक धक्का देते. त्याला म्हणतात चालना. एवढ्यानं लाट काठाला येते आणि हात उचलला जातो.

पण लाट ओळखायची तर यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी चार महिने कुणीतरी दिवसभर रोग्याचा हात धरून त्याला हलवायचं. सकाळी दात घासायचे, दुपारी जेवायचं, संध्याकाळी बोलायचं. यंत्र टिपून घेतं, हा माणूस कधी काय करतो. चार महिन्यांनी शिकवणीला कुलूप. पुढे त्यात कुणाला ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून.

श्रीरंगची, माझ्या नवऱ्याची, नोकरी फिरतीची. चित्राताईच साताऱ्याहून आल्या. चार महिन्यांची रजा टाकून त्यांनी माझा हात धरला.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या. डायलिसिस सुरू झालं. दोन्ही हातांच्या शिरा एकामागून एक निकामी झाल्या आणि शेवटी मानेतून नळी टाकावी लागली. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी मिळायला लागली होती, पण तिची यादी अडीच वर्षांची. डॉक्टर म्हणाले, "ही नळी फार तर दीड महिना चालेल. पुढे नळी टाकायला जागा उरलेली नाही." श्रीरंगला मधुमेह, तो बाद. माझा रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, सगळं जुळलं.

म्हणून पुण्यातल्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, मी समितीपुढे बसले होते.

समितीच्या अध्यक्ष डॉ. नाईकनवरे, साठीच्या, शांत बाई. त्यांच्या उजवीकडे वकील दिघे. समोरच्या भिंतीवर माझ्या आरंभकाची तीन वर्षांची नोंद लावून फर्हान मुजावर उभा होता. पस्तिशीचा इंजिनिअर. माझं यंत्र त्यानंच जुळवून दिलं होतं.

"चौऱ्याण्णव टक्के कृतींच्या आधी आरंभकाची चालना दिसते," फर्हान म्हणाला.

दिघ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे आज या 'हो' म्हणाल्या, तर ते कुणी म्हटलं धरायचं? बाईंनी की चकतीनं?"

"सर, यंत्र फक्त धक्का देतं. दिशा त्यांची असते."

"गाडीला धक्का देणारा मागून हळूच वळवतोही, मुजावर."

डॉ. नाईकनवरे पडद्याकडे बघत होत्या. "हे काय आहे? शिकवणीच्या महिन्यांत यांच्या नोंदीत एक दिवस जेवण, एक दिवस नाही. परत जेवण, परत नाही. चार महिने तसंच. तुमची चूक झालीय का?"

फर्हान गोंधळला. तीन वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं मान खाली घालून कागद चाळायला सुरुवात केली आणि मला राहवेना.

"त्याची चूक नाही," मी म्हणाले. "तो चातुर्मास होता."

वीस वर्षं मी चातुर्मासात धरणं-पारणं करते. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. त्या वर्षी मी खुर्चीत बसून होते. मी बोलू शकत नव्हते, की नेम राहू द्या किंवा मोडा. चित्राताईंनी मला काही विचारलं नाही. धरण्याच्या दिवशी त्या दूध आणि फळं द्यायच्या, दुसऱ्या दिवशी पूर्ण ताट. "मला तुझा देव मान्य नाही," म्हणायच्या, "पण तुझा नेम मोडणारी मी कोण?" डॉक्टरांना त्यांनी कळवलं नाही, पुढे बोलता आल्यावर मीही नाही. नेम सांगायचा नसतो, सांगितला की उतरतो, असं माझी आई म्हणायची. चित्राताईंना हे ठाऊक होतं, आणि त्यांनी तेही पाळलं.

माझं बोलून झालं. मला वाटलं, यांना समजलं, किती चांगलं माणूस आहे ते.

दिघे हळूच म्हणाले, "म्हणजे या यंत्राला, कधी जेवायचं, कधी उठायचं, काय बोलायचं हे सगळं शिकवलं कुणी? तर ज्यांना किडनी मिळायचीय, त्यांनीच?"

दाराबाहेर बसलेल्या चित्राताईंना आत बोलावलं. प्रश्न ऐकताच त्यांचा चेहरा मानेतल्या नळीपर्यंत लाल झाला.

"मी तिला वरण-भात खायला शिकवलं हो! किडनी कशी द्यायची याचा तास नव्हता घेतला!"

"बाई, तुमच्यावर आरोप नाही..."

"मग काय आरती आहे ही?"

डॉ. नाईकनवरेंनी सुनावणी आठ दिवस पुढे ढकलली. मी खरं बोलले होते, आणि त्या खऱ्यानंच आमचं काम बिघडवलं होतं.

खाली उपाहारगृहात फर्हाननं दोन चहा आणले. "ऋजुताताई, मला तरी सांगायचं होतंत. मी काय बातमी लावणार होतो?"

"चुकलंच माझं."

"आमचेही रोजे असतात की." त्यानं बशीत चहा ओतला. "रमजानमध्ये माझी शिकवणी घेतली असती ना, तर यंत्रानं लिहून ठेवलं असतं, हा गडी दिवसा जेवतच नाही. कुलूप लागलं की संपलं. मग ईदच्या दुपारी अम्मीनं ताट वाढलं असतं, बिर्याणी समोर, आणि चालनाच..."

त्याची बशी ओठांपाशी थांबली. चहा टपकत होता.

"ताई," तो म्हणाला, "कार्तिकीनंतर काय केलंत?"

"म्हणजे?"

"शिकवणीला कुलूप लागलं तेव्हा नेम संपला होता. पण यंत्राला ते माहीत नव्हतं. ते दर दिवसाआड जेवणाची चालना देणारच नाही. त्या दिवसांत काय केलंत?"

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चित्राताई साताऱ्याला परतल्या होत्या, श्रीरंग कामावर. पोळी-भाजीचं ताट माझ्यासमोर झाकून ठेवलेलं असे. एक दिवस हात झटकन उचलला जायचा. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, पुन्हा तीच जुनी खुर्ची. पहिल्या खेपेला पन्नास मिनिटं लागली. मला वाटलं, माझाच आळस.

"मग सोडून का नाही दिलंत? एक दिवस न जेवून काय होतं?"

"पारणं चुकवायचं नसतं. नेम संपल्यावरही उपाशी राहणं हा नेम नव्हे, तो हट्ट. व्रताला दोष लागतो."

फर्हाननं टेबलावरच नोंद उघडली. बोट तारखांवरून खाली सरकत गेलं. "शून्य चालना. शून्य चालना. शून्य. इथं जेवण, पन्नास मिनिटांनी. इथं बेचाळीस. इथं तीस. घरात कुणीच नाही?"

"कुणी नाही."

"माघात अकरा मिनिटं." त्याचा आवाज मोठा झाला, शेजारच्या टेबलावरच्या नर्सनं वळून पाहिलं. "चौऱ्याण्णव टक्के, चौऱ्याण्णव टक्के म्हणत बसलो मी! उरलेल्या सहा टक्क्यांत काय आहे हे कधी बघितलंच नाही. फुटलेल्या पट्टीच्या कडेनं तुम्ही दुसरी वाट पाडलीत, ताई. यंत्र गप्प बसलेलं असताना."

त्यानं त्याच दिवशी नोंद समितीला दिली. सुनावणीच्या आदल्या दिवशी डॉ. नाईकनवरेंचा फोन आला. त्यांनी सरळ सांगितलं, "पुरावा चांगला आहे. पण भूक शरीराची असते आणि निर्णय निराळा. दिघ्यांचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. एकच मार्ग दिसतो. चालना बंद करून समितीपुढे बसा. यंत्र नुसतं ऐकेल, धक्का देणार नाही. तुम्ही एका तासात स्वतः उत्तर दिलंत, तर ते तुमचं. नाही दिलंत तर 'उत्तर नाही' अशी नोंद होईल आणि अर्ज निकाली निघेल."

"पुन्हा अर्ज?"

"सहा महिन्यांनी."

त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. चित्राताईंकडे सहा महिने नव्हते.

चित्राताई ऐकून भडकल्या. इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत आमची खोली होती. कॉटवर बसून त्यांनी मला फैलावर घेतलं.

"अजिबात नाही! तुझी वाट भाजी-पोळीपुरती आहे. बोलणं हे मोठं काम आहे. चालना बंद केल्यावर परत नीट लागली नाही तर? त्या खुर्चीत पुन्हा बसलीस तर? मी नाही येणार आता भरवायला, सांगून ठेवते."

"नका येऊ."

"मी असणारच नाही यायला!" म्हणाल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून चादरीच्या सुरकुत्या काढायला लागल्या.

मी त्यांना एरवी ताई म्हणते. रागावले की जुन्या चालीवर जाते. "वन्सं," मी म्हणाले, "तुम्ही माझा नेम पाळलात तेव्हा मला विचारलं होतंत?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तशाच म्हणाल्या, "निदान दूध तरी पिऊन जा उद्या."

सकाळी अकराला फर्हाननं चालना बंद केली. काही दुखलं नाही. फक्त चालता चालता रस्ताच संपावा तसं झालं.

"ऋजुताताई," डॉ. नाईकनवरे म्हणाल्या, "तुमची एक किडनी चित्रलेखा साखळकर यांना देण्याचा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का?"

हो, असं माझ्या आत आलं. ते चढलं, काठाजवळ आलं आणि बसलं.

पुन्हा चढलं, पुन्हा बसलं.

भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. देवाचं नाव घेऊन पाहिलं. नाव मनात फिरत राहिलं, जीभ हलली नाही. चित्राताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, तर काठ आणखी उंच झाला. पस्तीस मिनिटं. दिघे घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत वैर नव्हतं. मी जिंकावं असं त्यांना वाटत होतं, हे मला तेव्हा दिसलं.

पन्नास मिनिटं.

जोर लावून लावून मी दमले, आणि जोर सोडला तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. मी 'हो' सुरू करायला बघत होते. पण पहाटे उठून मी रोज नव्यानं ठरवत नाही, की आज दिवा लावू का. ते केव्हाच ठरलेलं असतं. मी नुसती त्याच्या आड येत नाही. नेमाला रोज सुरुवात लागत नाही, नेम चालूच असतो. मग हे 'हो' तरी मी आज कुठं सुरू करतेय? डॉक्टरांनी श्रीरंगला बाद म्हटलं त्या दुपारीच ते सुरू झालं होतं. तेव्हापासून ते चालतच आलंय, माझ्या जेवणातून, झोपेतून, या खोलीपर्यंत. मला काही ढकलायचं नव्हतं. वाटेतून बाजूला व्हायचं होतं, एवढंच.

"वेळ झाली," डॉ. नाईकनवरे हळू म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. "उत्तर..."

माझा हात टेबलावरून सरकला आणि त्यांच्या कागदावर जाऊन पडला.

"थांबा," मी म्हणाले. "लिहू नका."

आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. पण निघाला.

"निर्णय माझा आहे. माझी किडनी मी चित्राताईंना देतेय. कुणी सांगितलं म्हणून नाही."

दिघे पुढे वाकले. "त्यांनी तुमची सेवा केली. उपकार फेडायला?"

"उपकार फेडायचा तर साडी घेतली असती. त्यांना आवडली नसती, पण घेतली असती."

कुणीतरी हसलं. दिघे हसले नाहीत. "मग कशासाठी?"

"त्या असायला हव्यात मला. भांडायला."

"आणि यंत्राला त्यांनी शिकवलं, त्याचं काय?"

शब्द सावकाश येत होते, पण एकामागून एक येत होते. "साहेब, मला आईनं शिकवलं. शाळेनं, सासूबाईंनी शिकवलं. तुम्हालाही कुणी शिकवलंच असेल. तसं बघायला गेलं तर आपलं म्हणून काय उरतं कुणाकडे? शिकवलेल्यातलं मी काय ठेवलं आणि काय टाकलं, तेवढं माझं. यंत्र सांगत होतं, जेवू नको. मी जेवले. आज ते गप्प आहे. मी बोलतेय."

दिघ्यांनी चष्मा काढून पुसला. मग फर्हानकडे वळले. "यंत्र ऐकत होतं ना? त्याचा अंदाज काय होता?"

फर्हाननं पडदा वळवला. "सर, तासभर एकच अंदाज. 'त्या बोलणार नाहीत.' शेवटच्या सेकंदापर्यंत."

दिघ्यांनी स्वतःचं पेन काढलं, अर्ज ओढून घेतला आणि सगळ्यांत आधी सही केली.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. बुधवारी सकाळी मी कण्हत कुशीवर होते आणि दोन भिंतींपलीकडे, काचेच्या खोलीत, चित्राताई. आम्हाला एकमेकींकडे जायची परवानगी नव्हती. सिस्टर जेम्मानं दोन्हीकडे व्हिडिओचे पडदे लावून दिले होते.

पडद्यावर त्या दिसल्या. मानेत नळी नव्हती. केस विस्कटलेले, डोळे लख्ख.

"ऋजुता! दोनशे ऐंशी!"

"काय दोनशे ऐंशी?"

"मिली गं, लघवी! एका तासात! दीड वर्षात थेंब नव्हता, आणि आता बघ, पिशवी बदलायला लागली! मी सिस्टरना सांगितलं, फोटो काढून ठेवा, तर म्हणतात असले फोटो काढत नाहीत!"

माझ्या खोलीतल्या आयाबाई, शेजारच्या खाटेवरच्या आजी, झाडू मारणारा दादा, सगळे ऐकत होते. आजींनी टाळी वाजवली, मग दादानं झाडू काखेत धरून वाजवली. हसल्यानं माझे टाके ओढले जात होते, आणि मला हसू थांबवता येत नव्हतं.

"एक विचारायचं राहिलं," चित्राताई म्हणाल्या. "ही तुझी किडनी एकादशीला सुट्टी घेणार नाही ना?"

"माझी कुठली? आता तुमचीच की. तुम्हीच सांगा तिला."

मला वाटलं, काहीतरी टोमणा येईल. त्यांनी खरंच पांघरूण बाजूला केलं, पट्टीवर अलगद हात ठेवला, आणि वर्गात नवीन मुलगी आल्यावर बोलावं तसं म्हणाल्या, "हे बघ बाई, इथं देवदेव काही होणार नाही. पण तुला कुणी काही बोलणारही नाही. बैस."

पलीकडून सिस्टर जेम्माचा आवाज आला. "मॅडम, या तासाचे तीनशे दहा."

"ऐकलंस?" चित्राताई ओरडल्या. "ऐकलंस का, ऋजुता? तीनशे दहा!"